सत्तेचाळीस मिनिटं

बाबा,

तालमीला चाललेय, सातला येईन. चहा थर्मासमध्ये आहे.

तो जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा मी शोधला होता! ॲप सारखं नवंच पुढे करतं. तीन दिवस दिग्दर्शकाच्या नावाने धुंडाळलं, तेव्हा सापडला. रविवारी आपण दोघं बघणार होतो ना? मग सत्तेचाळीस मिनिटं कुणी पाहिला? ताईने सांगितलंय सगळं. जावई काय आले, लेक लगेच अडगळीत! आणि तुझे लाडके जिजू म्हणे तिथेच घोरायला लागले. माझ्या शेजारी कुणी घोरलंय कधी?

सिनेमा परत सुरुवातीला नेऊन ठेवलाय. रविवारी पहिल्यांदाच बघतोयस असं वाग. मला खरं वाटलं पाहिजे.

तुझी (अजून तरी) धाकटी