तापीपलीकडे सगळं नॉर्मल

बमरोली, सुरत
ता. ४ एप्रिल

पत्रात चार बातम्या लिहायच्या असतात, हे तुला शाळेत कुणी शिकवलं नाही का? पानभर पत्र आणि बातमी एकच, नॉर्मल. तब्येत नॉर्मल, रिपोर्ट नॉर्मल, जावई नॉर्मल, सासूबाई नॉर्मल. ऊनसुद्धा नॉर्मल! इथे पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजतोय आणि तुझ्या कोसाडात म्हणे नॉर्मल. असो. आता आशीर्वाद घे.

चि. सौ. जयश्रीस मालतीआजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी धडधाकट आहे. फोन करत नाही म्हणून रुसू नको. त्यात मला ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि घरातलं सगळं गल्लीला कळतं. गणपत रोज कोसाडहून तुझ्या बापाच्याच कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत पत्र बरं.

मी तिसरी शिकलेली बाई, पण हा इंग्रजी शब्द ऐकून ऐकून मला पुरता कळला आहे. दुकानदार विचारतो, पाणी थंड देऊ का नॉर्मल? त्याचं नॉर्मल म्हणजे उन्हात तापलेलं. साडीवाला नॉर्मल दाखवतो ती पहिल्या धुण्यात रंग सोडते. चहावाल्याच्या नॉर्मलमध्ये दूध शोधावं लागतं. तुझा बाप म्हणतो, खाडीचं पाणी नॉर्मल आहे; म्हणजे काल हिरवं होतं, आज जांभळं. तुझ्या भावाला, भूपेंद्रला, विचारलं पोरगी कशी वाटली, तर म्हणे नॉर्मल. म्हणजे पसंत नाही आणि बापापुढे बोलायची छाती नाही. शेजारणीचा नवरा पिऊन गटारीकाठी पडतो, तीही म्हणते, आमच्याकडे हे नॉर्मलच. ज्याला सांगायचं नसतं, त्याचा हा शब्द आहे, पोरी. आम्ही ‘बरं आहे’ म्हणायचो, पण त्यात निदान थोडं बरं असावं लागायचं.

सातव्या महिन्यात भूपेंद्र तुला बाळंतपणाला आणायला आला, तर तुझ्या सासूबाईंनी साड्यांचा माल पडलाय म्हणून त्याला रिकाम्या हाती परत पाठवला. ते मी विसरले नाही. आता आठवा लागला. आठव्यात पोटुशीने नदी ओलांडायची नाही. माझ्या सासूने पाळलं, मी पाळलं, तुझ्या आईने पाळलं. नववा लागला की मी स्वतः रिक्षा घेऊन येते. तोवर तापीच्या अलीकडे पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

हिरव्या बांगड्या पाठवल्या आहेत, तुझ्या लग्नातल्या मापाच्या. कशा दिसतात ते कळव. नॉर्मल लिहिलंस तर परत मागवीन.

लोभ आहे तेवढा पुरे, बातमी वाढव.
तुझी आजी

कोसाड
ता. ७ एप्रिल

ती. आजीस जयश्रीचा सा. न. वि. वि. तो शब्द वापरायचा नाही म्हणालीस, तेव्हापासून पत्र कसं लिहावं हेच कळेना. तरी प्रयत्न करते.

बांगड्या फार सुंदर आहेत. पण हातात जाईनात गं. साबण लावला, तेल लावलं, सुवर्णाने सगळा जोर लावून ओढलं. शेवटी तिच्याच हातात घातल्या आणि आता वहिनीच्या बांगड्या नणंद मिरवते आहे. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीच्या अंगावर पाणी चढतंच. माझ्या चपला होत नाहीत, ह्यांच्या घालते. तोंडही इतकं गोल झालंय की तू ओळखणार नाहीस. शेजारणी म्हणतात, बाळाआधी आईलाच बाळसं आलं.

डोकं दुखतं, पण ते उन्हाने. लग्नसराई आहे, साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरात सारखं चालू असतं. इतक्या टिकल्या की डोळे मिटले तरी चमचम दिसते. सुवर्णालाही दिसते, शेजारणींनाही. आम्ही सगळ्या हसतो की आपली फुकटात रोषणाई. परवा भाकरी टाकताना तव्यावरही टिकल्या दिसल्या, तेव्हा मात्र मी एकटीच हसले.

दवाखान्यात या महिन्यात गेले नाही. आपला दवाखाना तापीच्या तुमच्या बाजूला ना. ह्यांनी सुट्टी काढली होती, पण मीच म्हटलं, आजीने नदी ओलांडू नको म्हणून बजावलंय. सासूबाईंना तुझं म्हणणं फार पटलं. तुम्हा दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. गेल्या खेपेचे रिपोर्ट कसे होते ते तुला माहीत आहे, तो शब्द तूच घाल.

आईबाबांना नमस्कार. तुझा राग आणि माया, दोन्हीतलं काही कमी करू नको.
तुझी जयश्री

विहीणबाईंस शोभाबाईचा सा. न. पत्र मी वाचलं, राग नसावा. पोरीला उगीच घाबरवू नका. पाय सुजणं नॉर्मल, डोकं दुखणं नॉर्मल. दवाखान्यात गेलं की हल्ली लगेच कापतात; माझी सगळी बाळंतपणं नॉर्मल झाली, सुनेचंही तसंच करायचं आहे. आठव्याचा तुमचा शब्द मी पाळला, आता तुम्हीही तो पाळा.

बमरोली
ता. ८ एप्रिल

सौ. शोभाबाई विहीणबाईंस मालतीबाईचा नमस्कार. वि. वि. हे वाचता वाचता जयश्रीला साडी बदलायला सांगा. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. भूपेंद्र रिक्षा घेऊन दारात उभा आहे. चहा ठेवू नका.

सकाळी त्याने फोन केला तर सगळं नॉर्मल आहे म्हणून तुम्ही ठेवून दिलात. मी लिहिते ते ठेवून देता येणार नाही. टिकल्यांचं काम मीही केलंय. हात धुऊन चुलीपाशी बसलं की त्या टिकल्या विझतात, तव्यावर येत नाहीत. माझी धाकटी जाऊ अशीच सुजली होती. डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे चांदण्या नाचायच्या. ऊन बाधलं, असं सगळं गाव म्हणालं. त्या घरात पुढे पाळणाही हलला नाही आणि बाईही दिसली नाही. एवढंच लिहिते, बाकी तुम्ही समजा.

आठव्याचा नियम माझाच होता. ज्या जिभेने सांगितला त्याच जिभेने मोडते. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला, मला काही फार वर्षं सोसावं लागणार नाही. तुमचा माल अडला तर मी येऊन टिकल्या चिकटवते. पण आज पोर तापी ओलांडणार. नाही पाठवलीत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन, आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे समजावून परत पाठवता येणार नाही.

नातं ठेवायचं असेल तर उठा.
मालतीबाई

दवाखान्यातून
ता. १० एप्रिल

ती. मालतीबाईंस शोभाबाईचा सा. न. समोर येऊन सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहून भूपेंद्रच्या हाती देते.

रिक्षा पुलावर आली आणि तिला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले. माझा शुभम बायकोला धरून होता, मी तापीमाईला हात जोडत होते. मनात आलं, बघा, आठव्यात नदी ओलांडली म्हणूनच हे झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी असता तर दोघी हातच्या गेल्या असत्या. लगेच पोट उघडलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास घेते.

जयश्री शुद्धीवर आली, पण तिला दिसत नाही. सगळं पांढरं पांढरं आहे म्हणते. रक्तदाब उतरला की बहुतेकींची नजर परत येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेकींची म्हणाल्या, मालतीबाई, सगळ्यांची नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, एवढी सूज, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, आणलं का नाही? मी म्हटलं, आम्हाला नॉर्मल वाटलं. त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही द्या.

तुमचा लोभ मागायला तोंड नाही, तरी दार लावू नका.
शोभाबाई

बमरोली
ता. १२ एप्रिल

चि. सौ. जयश्रीस आजीचे अनेक आशीर्वाद. हे पत्र शोभाबाई वाचून दाखवतील. शोभाबाई, मधलं गाळू नका. शिव्या मागितल्यात, पण आत्ता मला फुरसत नाही, आणि मला पहिली शिवी स्वतःलाच घालावी लागेल. पेटीपाशी उभं राहून तुमचे पाय सुजलेत म्हणे. आता बसा. तिथे उभं राहून पोरीचं वजन वाढत नाही.

जयश्री, काल मी तुझी लेक काचेतून पाहिली. सुरकुतलेली, कपाळाला आठ्या, जगावर वैतागलेली. माझ्यावर गेली आहे. नर्स म्हणाली, लहान आहे, बाकी नॉर्मल. मी म्हटलं, बाई, तो शब्द मला चालत नाही, उघडून सांग. तिने बोट दाखवत सांगितलं, छाती अशी हलते, रंग असा आहे, दूध नळीने जातं, पोटात राहतं. असा उघडला की तो शब्दही बरा वाटतो. पण आधी उघडायचा.

तुझ्या खाटेपर्यंत मला सोडत होते, मीच आले नाही. मी समोर उभी राहीन आणि तू भिंतीकडे तोंड करून आजी म्हणशील, ते मला चालणार नाही. सुवर्णाने बांगड्या परत पाठवल्या, खिडकीला टांगल्या आहेत. हातांची सूज उतरली की तूच येऊन काढून घे.

लोभाचं नंतर बघू, आधी डोळ्यांचं.
तुझी आजी मालतीबाई

ता. क. या पत्राला उत्तर फक्त जयश्रीने लिहायचं. शुभमरावांनी नाही, शोभाबाईंनी नाही, आईने निरोपसुद्धा सांगायचा नाही. घाई नाही. अक्षर वाकडं असू दे, ओळी एकमेकींवर चढू देत, पण कागदाकडे बघून तिने स्वतः लिहिलेलं हवं. दुसऱ्या कुणाच्या हातचं पत्र आलं, तर मी ते फोडणार नाही.