तांदळाच्या डब्याखालचा फॉर्म

आंबागड, २९ जून १९७९, संध्याकाळ

ही जाऊन आज आठ दिवस झाले. डोमाजी भेटायला आला होता. सोबत त्याची निर्मला, माझ्या वर्गात दहावीला पहिली आलेली. तुमसरला अकरावी सायन्सचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख, आणि बापाची सही नाही.

निर्मला आत हिच्या दिव्यात तेल घालायला गेली, तेव्हा मीच विषय काढला.

"गुरुजी, तुमची बाई बी मॅट्रिक होती ना? शेवटी चूलच फुकत बसली. मंग माह्या पोरीले कायले धाडू तुमसरले?"

एवढे बोलून दात कोरत राहिला, माझ्याच ओसरीवर बसून. सुतक म्हणून आमच्या घरच्या पाण्याला शिवला नाही. हे बोलायला मात्र सुतक आडवे आले नाही.

किळस आली. त्याची, आणि माझीही. मी नुसती होकारार्थी मान हलवली. का हलवली?

ते गेल्यावर स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याखाली फॉर्म दिसला. ही शाळेतल्या पोरांचे फॉर्म तिथेच जपून ठेवायची. निर्मलाला ते ठाऊक होते. सगळा भरलेला, स्वच्छ अक्षरात. फक्त सहीची जागा कोरी.

तेरवीपर्यंत मी कोणाच्या घरी जायचे नाही. उद्या पहिल्या बसच्या आधी डोमाजीच्या ओसरीवर जाऊन बसणार. सही होईपर्यंत उठणार नाही. नंतर त्याला घर सारवायचे तर सारवू दे.

पाणीही मागणार आहे. त्याच्या माठातले.