सावलीखालची रेघ

त्सेसिस, ३ मार्च १९९८

चि. झायगा हिस ओयार्स मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लेखाचा मसुदा पोचला. एर्बियमच्या अणुकेंद्रकाच्या आकृतीत मी शोधलेली ऊर्जेची पातळी नाही. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, की पूर्वी नोंदलेली पातळी आढळली नाही. आढळायला ती काय बसमध्ये विसरलेली छत्री आहे?

तुझ्या मामीने विचारलं, एवढं आकांडतांडव कशाला. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की ते थरथरतं, आणि शांत होता होता गॅमा किरण टाकतं. त्या किरणांच्या वर्णपटातल्या रेघांवरून कंप ओळखायचे. पहिला कंप साऱ्या जगाला ठाऊक होता. त्यावर चढलेला दुसरा मी मांडला, तीच माझी पातळी. तो एका रेघेवर उभा आहे आणि आपली झायगा म्हणते की ती रेघच नाही. मामी म्हणाली, जन्मभर अणुभट्टीवर खेटे घालून एक रेघ घरी आणलीत, तीही भाचीने पुसली.

पुसण्याआधी मला विचारलं असतंस तर बरं दिसलं असतं.

तुझा,
ओयार्स मामा

---

सालासपिल्स, ११ मार्च

ती. ओयार्स मामांस झायगाचा सा. न. वि. वि.

विचारलं असतं तर तुम्ही ओरडला असता. न विचारताही ओरडलातच.

मोठ्या ऊर्जेचा किरण माझ्या डिटेक्टरमध्ये शिरला की त्यातली ठरावीक ऊर्जा कधी कधी बाहेर निसटते. मग खऱ्या रेघेच्या खाली, ठरलेल्या अंतरावर, एक खोटी रेघ उमटते. आम्ही तिला सावली म्हणतो. तुमची रेघ नेमकी अशा एका सावलीच्या जागी आहे. मी ती तिथे नेऊन ठेवलेली नाही.

विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, मामाची रेघ म्हणून पोसू नकोस. आता तुमचं हे पत्र. दोन्हीकडून बोलणी खाणारी मीच.

जूनमध्ये भट्टी कायमची बंद होते आहे. मे महिन्यात भट्टीवर मोजायला मिळालेले दिवस माझ्या डिस्प्रोसियम धातूच्या नमुन्यासाठी आहेत. त्यावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अवलंबून आहे. ते दिवस मागू नका.

मामीला नमस्कार. तुमचा राग कमी झाला की कळवा.

आपली,
झायगा

---

त्सेसिस, २० मार्च

चि. झायगास आशीर्वाद.

तुझे दिवस मी मागितलेले नाहीत. मला उपकार नकोत.

पण मी ती रेघ वाकवलेल्या स्फटिकाने मोजली होती. स्फटिक किरणाला फक्त वळवतो. त्यात काही निसटत नाही, म्हणून त्याला सावल्याही नसतात. शिवाय सावलीखाली खरी रेघ दडू शकते. सावली मूळ रेघेच्या ठरावीक हिश्शाएवढीच असते. त्याहून जड भरली, तर खाली आणखी कुणीतरी आहे. तू ती तोलून पाहिलीस का? की जागा जुळली आणि हात झटकलेस? परक्या माणसाची रेघ असती तर तोलली असतीस. प्रमुख पोसू नकोस म्हणाले, गळा दाब म्हणाले नव्हते.

बाकी ठीक. बर्चचा रस यंदा लवकर सुटला.

ओयार्स मामा

ता. क. मामीकडून : हे नको म्हणतात तिकडे लक्ष देऊ नकोस. भुतं बघत होतो का मी, असं यांचं मला दोनदा विचारून झालं. मोजलंस तर जे येईल ते लिही. गोड करून लिहू नकोस, यांना लगेच कळतं आणि मग मला ऐकावं लागतं.

---

सालासपिल्स, २५ मे

ती. मामांस सा. न.

माझे निम्मे दिवस एर्बियमला दिले. का दिले ते विचारू नका, माझी मलाच चीड येते आहे. तुम्ही बरोबर होतात, जागा जुळल्यावर मी तोललं नव्हतं.

सावली जड आहे. तिच्या हिश्शाहून बरीच जड. तुमची रेघ आहे, मामा. तुम्ही भुतं बघत नव्हता.

आता पुढचं. दुसरा डिटेक्टर लावून, तिच्याबरोबर त्याच क्षणी कोणता किरण निघतो ते पाहिलं. तुमचा दुसरा कंप खरा असता तर पहिल्या कंपाचा किरण सोबत यायला हवा होता. तो आला नाही. आला तो भलताच, एका जुन्या ओळखीच्या पातळीचा. रेघ खरी आहे, पण ती तुम्ही बसवलीत तिथून निघत नाही. तुमची पातळी उरत नाही.

मामीने सांगितल्याप्रमाणे गोड केलेलं नाही. माझं प्रकरण मात्र अर्धं राहिलं. प्रमुख म्हणाले, अर्ध्या प्रकरणाला अर्धी पदवी देतात का ते विचारून बघ.

आकडे सोबत आहेत. तपासा आणि काय ओरडायचं ते एकदाच ओरडा.

झायगा

---

त्सेसिस, ४ जून

चि. झायगा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आकडे तपासले. एका ठिकाणी पार्श्वभूमीचे, म्हणजे इकडून तिकडून येणारे, किरण ढिसाळपणे वजा केले आहेस, असं काम मी खपवून घेतलं नसतं. ते सुधारूनही उत्तर तेच येतं. पातळी काढ. रेघ तक्त्यात ठेव, नव्या जागी. माझ्या त्या पातळीच्या आधारावर हैडेलबर्गच्या एका गृहस्थांनी अख्खा सिद्धांत उभा केला आहे. त्यांना मीच पत्र टाकलं. तू लिहू नकोस, ते काम माझं.

दोन दिवस जेवण गेलं नाही. मामी म्हणाली, रेघ मिळाली ना, मग जेवा.

तुमच्या प्रमुखांचा फोन होता. भट्टी बंद करण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचा नमुना सर्वांत जुन्या माणसाने ठेवायचा, असं ठरलं आहे म्हणे. नमुना माझ्या पसंतीचा. एर्बियमच ठेवा, आठवण राहील, असं ते गहिवरून म्हणाले. मी म्हटलं, आठवणीसाठी न्यूट्रॉन जाळत नाहीत.

तुझं अर्धं राहिलेलं डिस्प्रोसियम ठेवणार आहे. नीट तोलून, बंद करून तयार ठेव. मी आत सोडीन आणि बाजूला होईन. नंतर भाषणं होतील, तिकडे फिरकू नकोस. भट्टी विझेपर्यंत मोजत बस.

चिडलेला असलो तरी तुझाच,
ओयार्स मामा