अकरा मांजरं आणि एक साधी लिंक

३ मार्च
बायकोच्या मांजरघराची जागा मालकाला महिनाअखेर परत हवी आहे. तोवर अकरा मांजरांना घरं मिळाली नाहीत, तर ती आमच्या बेडरूममध्ये येणार. मला मांजरांच्या केसांनी शिंका येतात. संकल्प: मांजरांची वेबसाइट मी स्वतः बनवणार. त्यात काय एवढं!

८ मार्च
मेहुणा अक्कल शिकवून गेला. वेबसाइटी बनवून पोट भरतो, म्हणून शहाणा. म्हणे, ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाकडे जातो तेव्हा काय काम आहे ते आधी एका शब्दात सांगतो. गेट म्हणजे नुसतं दाखव. पोस्ट म्हणजे हे घे. डिलीट म्हणजे काढून टाक. गेटने कधी काही बदलू नये, हा शिष्टाचार. सर्व्हर काय माझा सासरा आहे? मी सगळं गेटवरच चालवलंय. प्रत्येक फोटोखाली 'काढून टाका' अशी साधी लिंक. उघडली की मांजर गायब. लिंकला पासवर्ड लावायचं रविवारी बघू.

१५ मार्च
रविवार झोपेत गेला. साइट सुरू केली, सर्च इंजिनला कळवलं. बायको चक्क कौतुकाने हसली.

१७ मार्च, सकाळ
एकाच पाहुण्याने अख्खी साइट पालथी घातली! एक लिंक सोडली नाही. याला म्हणतात रसिक.

१७ मार्च, दुपार
साइटवर एकही मांजर नाही. सगळ्यांना घरं मिळाली असं वाटून बायको आनंदाने रडली. मग मांजरघरात जाऊन आली. सगळी तिथेच.

१८ मार्च
मेहुणा म्हणतो, रसिक म्हणजे सर्च इंजिनचं यंत्र. दिसेल ती लिंक उघडतं. गेट म्हणजे नुसतं बघणं, असा यंत्राचा भाबडा विश्वास. म्हणजे चूक यंत्राची! दुरुस्त करून देतो म्हणाला. साफ नाही म्हटलं.

२० मार्च
मांजरं पुन्हा चढवली. प्रत्येक लिंकशेजारी लाल अक्षरांत 'हे दाबू नये'. आता काय बिशाद आहे कुणाची!

२२ मार्च
दाबलं. सगळं.

३१ मार्च
मांजरं बेडरूममध्ये, मी सोफ्यावर. शिंका दोन्हीकडे ऐकू जातात. बायकोने परस्पर मेहुण्याकडून साइट नीट करून घेतली. आता काढून टाकायला तिचा पासवर्ड लागतो. दुपारपर्यंत तीन मांजरांना मागणी आली. साइटवर बारावा फोटो माझा आहे. खाली लिहिलंय: 'वयस्कर. शिंकतो. सांगितलेलं ऐकत नाही. घर हवे.'
काढून टाकायची लिंक शोधली. मला दिसत नाही. मागणीही अजून आलेली नाही.