ढब्बूचा दिवा

१२ एप्रिल २०१५, अकोला
करुणा अमरावतीला होस्टेलवर गेली. तिचं कासव, ढब्बू, माझ्या हवाली. पाठ मऊ पडली आहे. डॉक्टर म्हणाले, यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा लावा, नाहीतर दगावेल. पोरगी रडत होती. मी म्हटलं, बापाचं जठारपेठेत इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, दिव्याची काय चिंता.

१५ एप्रिल
दुकानात शुकशुकाट. विहिरी आटल्या, पाण्याची मोटार कोण नेणार? त्यामुळे अभ्यासाला वेळ. निष्कर्ष: यूव्हीबी हे कंपन्यांचं फॅड. उजेड तो उजेड. साधा सीएफएल लावला.

१९ एप्रिल
ढब्बू खात नाही. लाडावलेला आहे. नीलम म्हणाली, त्याले जराक ऊन दाखवा. मी हसलो. अकोल्याच्या उन्हात माणूस शिजतो. उलट खिडक्यांना हिरवी जाळी बांधली. बायकोला विज्ञानाचं अंग नाही.

२३ एप्रिल
नोटा तपासायचा जांभळा दिवा लावून पाहिला. ढब्बू अस्सल निघाला, पण मऊच.

२७ एप्रिल
पाठीवर बोट टेकवलं तर दबते. घाबरलो. खरा यूव्हीबी दिवा मुंबईहून मागवला. मत बदललेलं नाही, फक्त प्रयोग.

४ मे
दिवा आला. फिटिंग स्वतः केलं. ढब्बूच्या टाकीवर जाड काच, काचेवर दिवा. पाणी उडून शॉर्ट नको. सोबतच्या कागदात चित्र वेगळं आहे. त्यांना वायरिंगमधलं काय कळतं.

२९ मे
ढब्बू खातो. पाठ घट्ट होते आहे. दुकानावर पाटी लावली: 'कासवांचे दिवे फिट करून मिळतील.' शेजारचे केशवराव विचारत होते, अकोल्यात कासवं किती? माणसाला दूरदृष्टी नाही.

७ जून
करुणा आली. ढब्बूला पाहून हरखली. मग टाकी पाहिली. म्हणाली, बाबा, मधात काच काहून? काचेतून यूव्हीबी जातच नाही.

मी विचारलं, मग पाठ घट्ट कशी झाली?

नीलम चुलीपुढूनच म्हणाली, सकायी मी कुरडया वाळू घालाले गच्चीवर जाओ, तवा त्यालेबी टबात घालून नेत होती. अर्धा टब सावलीत ठेवला का झालं. तुमाले काय सांगू, तुमी प्रयोग करून राहिले होते.

करुणा आईच्या गळ्यात पडली. मी काच हातात धरून उभा. ढब्बू वाचला याचा आनंद आहे. माझ्यामुळे वाचला असता तर जास्त झाला असता.

पाटी उतरवली. नीलमनं मागून घेतली. टबावर अर्धी सावली करायला बरी पडते म्हणाली.