नाव माझंच लिहा

क्लुज, १४ नोव्हेंबर

प्रिय आई,

काळजी करू नकोस. वेळेवर जेवते आहे, नोकरीही शाबूत आहे. पण आज फार चिडले आहे आणि ते तुलाच सांगणार.

उदासीच्या गोळीने रडणं थांबलं, छातीतली धडधडही कमी झाली. तरी ऑफिसातली कामं अर्धवटच राहायची. पहिले डॉक्टर म्हणाले, "कॉलेज पूर्ण केलंत ना? मग लक्ष लागत नाही हा निव्वळ आळस!" मी उठून आले. दुसऱ्या डॉक्टर, साबाऊबाई, यांनी तासभर ऐकून घेतलं, हा आळस नाही, लहानपणापासूनचा लक्ष न टिकण्याचा आजार आहे, तो आईकडून मुलीकडेही येतो असं सांगितलं आणि त्या गोळीच्या जोडीला लक्ष लागण्याचं औषध दिलं.

ते पाचव्या दुकानात मिळालं. तिथली बाई सगळ्यांसमोर म्हणते, "हे लहान मुलांचं औषध. मुलाचं नाव सांगा."

मी ओरडलेच, "मूल नाही मला! नाव माझंच लिहा. स्मारांदा, वय एक्केचाळीस!"

तीन आठवडे झाले. तोंड कोरडं पडतं, भूक थोडी मंदावली आहे. पण काल हातात घेतलेलं काम संपवूनच उठले. मग घरी येऊन संतापाने रडले. एवढंच होतं तर बाबांनी मला जन्मभर 'ऐतखाऊ' का म्हणावं?

आणि तुला 'वेंधळी' का? दूध उतू गेलं की अजून स्वतःलाच शिव्या देतेस ना? साबाऊबाईंकडे गुरुवारी तुझी वेळ घेतली आहे. बुधवारच्या बसने ये. बाबा चिडले तर चिडू देत. आता चिडायची पाळी आपली आहे.

तुझीच,
स्मारांदा