नणंदेची गाडी

९ सप्टेंबर. किमी २१४.

नवी गाडी आजही मावशींच्या ढाब्यामागे लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुढे जीपने उपकेंद्रात गेले. जीपमध्ये चौदा माणसं, एक कोंबडी, माझ्या मांडीवर लसींचा डबा. एकावन्नाव्या वर्षी ही सोंगं.

टोकावड्यात लहूचं गॅरेज अगदी रस्त्याला आहे, दुसरी वाट नाही. जीप तिथे आली की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. आज चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता.

ढाब्याच्या मावशींनी विचारलं, "गाडी हितं का ठेवता गो शिस्टर?" म्हटलं, पुढे चिखल आहे, नवीन आहे ना. पुढे डांबरी रस्ता आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

११ सप्टेंबर. किमी २९०.

शोरूमच्या मुलीचा फोन, ऐन लसीकरणात. "मॅडम, सर्व्हिसिंगच्या प्लॅनचं काय ठरलं?" चार वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आत्ताच भरून टाकायचे. मग दर वेळी गाडी कल्याणला त्यांच्या वर्कशॉपला न्यायची. ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं त्यात, भाव वाढले तरी आपल्याला फरक नाही. "एकदम टेन्शन फ्री, मॅडम." पण घ्यायचा तर पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत, म्हणजे हजार किमीच्या आत. नंतर मिळणार नाही.

म्हटलं, पितृपक्ष चालू आहे, आत्ता नवीन काही नको. लगेच गप्प झाली. पितर पहिल्यांदाच माझ्या असे कामी आले.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, घेऊन टाक, विषय संपला. ह्यांचे विषय फार लवकर संपतात. दिवसभर शहापूरच्या ऑफिसात बसतात, टोकावड्यावरून जायचं असतं ते मला.

प्लॅन घेतला की ही गाडी लहूकडे कधीच जाणार नाही. नाही घेतला तर ती घेऊन त्याच्यासमोर उभं राहावं लागणार. असा तो प्लॅन आहे. ऑइल-फिल्टर नंतरचं.

१३ सप्टेंबर. गाडी घरी.

लिहूनच टाकते, इथे तरी.

आमची पांढरी गाडी अकरा वर्षं लहूच्या हातात होती. सायलेन्सर, क्लच, रेडिएटर, सगळं त्याने बदललेलं. म्हणायचा, "ह्याच्यात आता कंपनीचा निस्ता पत्रा हाय, बाकी माजं." चालवायलाही त्यानेच शिकवलं. ह्यांच्याकडे दोन दिवस शिकले, तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात दार उघडून उतरले. लहू ओरडायचा नाही. घाटाच्या चढाला गाडी मागे यायला लागली की उतरून चाकामागे दगड लावायचा. "आता घाबरायचं काम नाय शिस्टर. दगड हाय. क्लच सोडा हळूहळू."

दसऱ्याला सगळी गिऱ्हाइकं गाड्या त्याच्या गॅरेजवर नेतात. तो धुतो, हार घालतो, पैसे घेत नाही. गेल्या दसऱ्याला पांढरी पुसता पुसता म्हणाला, "काढाल तेवा पयलं मला सांगा. सोनीला शिकवायचंय ह्याच्यावर. तुमी शिकला तसंच." सोनी त्याची मुलगी. माझ्या हातावर झालेली, आता कॉलेजला जाते. मी म्हटलं, अरे तुलाच देणार, दुसऱ्या कोणाला देईन का मी.

आणि गणपतीत शोरूममध्ये त्या माणसाने नुसता कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. जुनी आजच आमच्याकडे दिलीत तर वर एवढा बोनस. दहा मिनिटांत चावी काढून दिली मी. लहूला फोन करायचं डोक्यात आलं होतं. नंतर ह्यांना म्हटलं, नेटवर्क नव्हतं.

नेटवर्क होतं.

१६ सप्टेंबर. किमी ४०४.

आज लहूच उपकेंद्रात आला. पत्र्याने तळहात कापलेला, फडक्यात गुंडाळून. धुतला, ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हात माझे व्यवस्थित चालत होते. तोंड नाही.

"पांढरी दिसत नाय कवाची. जीपने येता तुमी."

म्हटलं, हे नेतात ना शहापूरला ऑफिसला.

"क्लच वाजतो का अजून?"

म्हटलं, थोडा.

"घेऊन या एकदा. हात बरा झाला का बघतो."

ज्या गाडीचा क्लच कुठल्या गावात वाजतोय तेच मला माहीत नाही, तिच्याबद्दल मी "थोडा" म्हटलं. इतकं सहज. तेवीस वर्षं लोकांना सांगत आले, शिस्टरपासून काही लपवू नका.

१७ सप्टेंबर. किमी ४४२.

संध्याकाळी ढाब्यावर ताडपत्री काढली तर मागच्या चाकामागे दगड. ढाब्याची मागची बाजू ओढ्याकडे उतरती आहे, मावशींनी ठेवला असेल. आभार मानायचे राहिले.

शोरूमचा मेसेज, सोबत प्लॅनचा कागद. बारीक अक्षरं, चार पानं. दोनदा वाचला. काय मिळणार ते मोठ्या अक्षरात, काय नाही ते कुठेतरी खाली. घेण्यासारखा आहे का, काही कळत नाही. कळेल असा या रस्त्यावर एकच माणूस आहे. त्यालाच कसं विचारणार.

२० सप्टेंबर. किमी ५५६.

विचारलं. देवा.

लहू ड्रेसिंगला आला होता. कागदाची प्रिंट पर्समध्ये होती. पट्टी सोडवता सोडवता म्हटलं, अरे, माझ्या नणंदेने नवी गाडी घेतली, तिला हा प्लॅन गळ्यात मारतायत, जरा बघशील का. नणंद बिचारी. तिला सायकलही येत नाही.

त्याने चष्मा लावला. बाकावर बसून चारही पानं वाचली, ओळीवर बोट ठेवून. बाहेर तीन बाया थांबल्या होत्या, त्यांना म्हणाला, "पाच मिंटं गो, शिस्टरचं काम हाय." मग मला विचारलं, नणंद वर्षाला किती फिरते. मी माझाच आकडा सांगितला, दुसरा कुठून आणणार. घाटाकडे जाते का. जाते म्हटलं.

"मंग ह्ये बघा. चार वर्षं नायतर चाळीस हजार किलोमीटर, जे पयलं व्हईल ते. नणंदेचं तीन वर्षांतच संपंल. क्लच नाय ह्याच्यात. ब्रेकचं पॅड नाय. हिकडच्या रस्त्याला तेच जातं पयलं. ऑइल, फिल्टर, मजुरी, बास."

म्हटलं, म्हणजे तिने घेऊ नये?

त्याने कागदाची नीट घडी घातली. "मी नको बोललो तर नणंद बोलंल, गॅरेजवाला आपलं बघतोय. घेऊ द्या. कंपनीचा शिक्का ऱ्हातो पुस्तकावर. पुढं काढायच्या टायमाला कंपनीलाच देता येते. मधी कोनाला इचारायला लागत नाय."

गेला. मी पुढच्या बाईचं बीपी दोनदा घेतलं, तरी लिहायचं विसरले. शेवटचं वाक्य तो सहज बोलला असेल. असेलच.

२२ सप्टेंबर. किमी ५९४.

घट बसले. पितृपक्षाची सबब गेली. शोरूमच्या मुलीने सकाळी नवाच्या आत फोन केला, वहीत लिहून ठेवलं असेल तिने. तिला म्हटलं, दसऱ्यापर्यंत सांगते. ती म्हणाली, दसऱ्याला रात्री आठपर्यंत लिंक चालू ठेवते मॅडम, खास तुमच्यासाठी.

ह्यांना लहूचं वाक्य सांगितलं. हे म्हणाले, "अगं, स्वतःच्या मालकीची गाडी विकलीस. चोरी केलीस का?" चोरी केली असती तर निदान परत नेऊन देता आली असती. हे मनातल्या मनात. ह्यांना भात वाढला.

२५ सप्टेंबर. किमी ७०८.

आज मावशींचे आभार मानले, दगडाबद्दल. मावशी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मी कशाला ठेवू? लहू ठेवतो की."

कोण लहू?

"आपला लहू गो. गॅरेजवाला. पयल्या दिसापासून येतो. तुमी जीपमंदी बसलात का येतो, ताडपत्री उचलून चाकं बघतो. परवा डाव्या चाकात हवा कमी व्हती, पंप घेऊन आला. हात बांधलेला, येका हातानी भरली." मग भाकरी उलटवून म्हणाल्या, "मला बोलला, शिस्टरना सांगू नको. लाजतील."

मी तिथेच खाटेवर बसले. मावशींनी पाणी दिलं.

म्हणजे सोळा तारखेला क्लच वाजतो का विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं. वीस तारखेला नणंदेची चार पानं वाचली तेव्हाही. त्याने बोट ठेवून वाचलं, मी किमी सांगितले, घाट सांगितला, आणि तो माझ्याच गाडीचा हिशोब मला समजावत होता. मी वर म्हटलं, नणंदेला सांगते हं.

या रस्त्यावर मावशींच्या टेम्पोपासून सगळ्या जीपगाड्यांपर्यंत सगळं लहूकडे जातं. इथे एक आख्खी गाडी ताडपत्रीखाली लपेल असं मला वाटलं. नाडी बघून पोटातलं सांगणारी मी.

गाडी काढली. दगड उचलून बाजूला ठेवला. हाताला माती लागली ती घरी येईपर्यंत पुसली नाही.

२९ सप्टेंबर. किमी ८३६.

आज ढाब्यावर थांबले नाही. सरळ गेले. गॅरेजसमोर गाडी थांबवली, उतरले.

लहू एका टेम्पोखाली होता, पायच दिसत होते. काय बोलायचं ते सरळगावपासून पाठ करत आले होते. उभी राहिले. तो आत काहीतरी ठोकत होता. माझ्या चपला त्याला दिसत असणार, तेवढं अंतर होतं. ठोकणं जरा थांबलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. मग परत सुरू झालं.

उपकेंद्रात गेले. ह्याला धीर म्हणत नाहीत.

२ ऑक्टोबर. दसरा. किमी ९८४.

सकाळी मुरबाडच्या बाजारातून झेंडू घेतला आणि एकटीच निघाले. हे म्हणाले, मी येऊ का. नको म्हटलं.

गॅरेजसमोर रांग होती. जीप, दोन ट्रॅक्टर, मोटरसायकली, मावशींचा टेम्पो. मी शेवटी लावली. नवी गाडी त्या रांगेत फारच चकचकीत दिसत होती. लोक बघत होते, कोणी काही बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास. सोनी पाइप धरून गाड्या धूत होती. उंच झाली आहे, बापासारखीच मान वाकडी करून काम करते.

माझा नंबर आला. लहूने आधी चाकं दाबून बघितली. मी म्हटलं, लहू, नणंदेची नाही, माझी आहे.

"ठावं हाय."

पांढरी मी कंपनीला दिली. तुला शब्द दिला होता.

त्याने बॉनेटवर फडकं अंथरून त्याच्यावर हात टेकला, बोटं उमटू नयेत म्हणून. माझ्या गाडीशी तो इतक्या परक्यासारखा कधी वागला नव्हता. म्हटलं, शिव्या तरी दे रे.

"तुमच्या हातावर पोरगी झाली माजी. शिव्या कशा देऊ. हार द्या."

हार घालत होता तेवढ्यात सोनी पाइप घेऊन आली. नवी गाडी बघून खूश झाली, गोल फिरून आली. मग म्हणाली, "शिस्टर, पांढरी नाय आनली?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. पण लहूच बोलला, हाराची गाठ मारता मारता, तिच्याकडे न बघता.

"पांढरी शहापूरला हाय गो. सायबांच्या हापिसात."

माझंच खोटं. शब्दनशब्द माझं. त्याने ते इतके दिवस जपून ठेवलं होतं आणि पोरीला दिलं. तिला अजून सांगितलेलंच नाही त्याने.

सोनी म्हणाली, "मंग दिवाळीला आना. सुट्टी हाय मला, शिकते." लहूने माझ्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच सरळ बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

मी बरं म्हटलं.

का म्हटलं? तिचं तोंड बघून म्हटलं, की परत एकदा सुटायला म्हटलं, मलाच कळत नाही. लहूला आपट्याचं पान दिलं. त्याने घेतलं, खिशात ठेवलं, पाया पडला दरवर्षीसारखा. मला पाय मागे घ्यावेसे वाटले.

घरी आले. संध्याकाळी सात वाजता शोरूमची मुलगी: "मॅडम, लिंक पाठवलीये, आठपर्यंत." लिंक उघडली. माझं नाव, गाडीचा नंबर, खाली हिरवं बटण. उद्या उपकेंद्रात गेले की हजार किमी होतील.

बटण दाबलं नाही. तिला फोन लावला. म्हटलं, गणपतीत आमची पांढरी गाडी तुम्ही घेतलीत, ती आता कुठे आहे? विकली का? कोणाकडे आहे? ती गोंधळली. असं कोणी विचारत नाही म्हणाली. म्हटलं, मी विचारतेय, बघ ना.

"बघून सांगते मॅडम. पण प्लॅनचं काय करायचं?"

म्हटलं, आधी ते सांग.

पावणेआठ झाले. फोन समोर ठेवलाय. अजून आला नाही.